अकोल्याच्या आजीचा आवाज

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, अकोल्याची आजी रोबोट आहे का गं?" आपण सगळे हसलो. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. तीही हसली, पण तिचं हसणं म्हणजे आता नुसतं खांदे हलणं. ते तुम्हाला स्क्रीनवर दिसलं नसेल. कॉल संपल्यावर ती बराच वेळ टॅब मांडीवर घेऊन बसली आणि मग तिने टाइप केलं, "पोट्टं खोटं नाई बोललं. पन त्याले नीट सांग." म्हणून हे लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच दुसरं काही विचारलं असतं, आणि मला गोष्ट क्रमाने सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

अकोल्याची आजी ही माझी पाठची बहीण. आम्ही तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात वाढलो. मला आत्याने अमरावतीला नेऊन इंग्रजी शाळेत घातलं. ती गावातच राहिली आणि पुढे लग्न होऊन अकोल्याला गेली. म्हणून मी अशी बोलते आणि ती तशी. ती वऱ्हाडी बोलायची, आणि मोठ्याने बोलायची. लहानपणी तिने बांधावरून हाक मारली की दोन शेतं पलीकडची माणसं वळून बघत. "हिले फोन कायले पाह्यजे," असं बाबा म्हणायचे.

काही वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तिचा मुलगा, म्हणजे तुमचा जर्मनीतला मामा, संगणकाच्या कामात आहे. त्याने शोधून काढलं की ऑपरेशनच्या आधी माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करून दिला, तर एक कंपनी यंत्राला तो आवाज शिकवते. पुढे माणसाने टॅबवर लिहायचं आणि यंत्राने त्याच्या आवाजात बोलायचं. आवाज टॅबमध्ये नसतो. तो कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असतो, ज्याला तुम्ही क्लाउड म्हणता. वाक्य इथून तिकडे जातं, तिथे बोललं जातं आणि क्षणात परत येतं.

मामा सुट्टी घेऊन आला. मुद्रणासाठी कंपनीने पाठवलेली वाक्यं वाचायची होती. पहिलंच वाक्य होतं, 'आजचे हवामान आल्हाददायक आहे.' तिने ते डोळ्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मोठी म्हणून मला ती बाईच म्हणते.

"बाई, असं कोन बोलते?"

"अगं, बोलायचं नाही, फक्त वाचायचं."

"म्या नाई वाचत. मुकी तं होऊनच राहिली, आता पुन्याची बी होऊ का?"

मामाने समजावलं की लिहिलेलं आणि बोललेलं एकच असावं लागतं, नाहीतर यंत्र गोंधळतं. "मंग लिवलेलं बदल," ती म्हणाली. "लिव, आज लय गार सुटलं." शेवटी त्याने खरोखरच एकेक वाक्य तिच्या बोलीत लिहून घेतलं. ती बोलत होती आणि तो मान खाली घालून टाइप करत होता. शेवटच्या दिवशी तिचा घसा बसला. "झालं का रे? थकली आता," हे तिने कामाचं वाक्य म्हणून म्हटलं नव्हतं, पण तेही मुद्रित झालं. ऑपरेशननंतर तसं पुन्हा मुद्रण होणं शक्य नव्हतं, हे लक्षात ठेवा.

मग ती टॅबने बोलू लागली. पहिल्या महिन्यात भाजीवाल्याने तिला निबर वांगी दिली. तिने टॅब खिडकीत ठेवला, आणि खिडकीतून तिचा आवाज बाहेर आला, "असे वांगे काहून देऊन राहिला? म्या बोलत नाई म्हनून का?" त्याला ऑपरेशनचं माहीत होतं. त्याने तराजू खाली ठेवला आणि खिडकीला हात जोडले. पुढे तिच्याशी घासाघीस करताना तो टॅबकडे बघूनच बोलायचा.

आता त्या दिवसाकडे येते. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. सकाळी अमरावतीला मी फुलझाडांना पाणी घालत होते, तेव्हा तिचा मेसेज आला. "बाई, माहा आवाज पुन्हा गेला."

पाठोपाठ मामाचा फोन. तो इतक्या घाईने बोलत होता की मी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं. झालं होतं ते असं. चोरलेल्या आवाजात फोन करून माणसांना फसवण्याचे प्रकार वाढले होते, म्हणून कंपनीने ओळख पटवण्याची पद्धत बदलली होती. ज्यांच्या टॅबवरून नव्या पद्धतीने एकदा तरी विनंती, म्हणजे बोलायला पाठवलेलं वाक्य, स्वीकारली जाईल, त्यांचे आवाज ठेवायचे. बाकीचे बेवारस समजून पुसून टाकायचे. याच्या सूचना मामाच्या जुन्या मेलवर येत राहिल्या आणि त्याने तो मेल उघडलाच नव्हता. त्याला कळलं तेव्हा थोडेच दिवस उरले होते. त्याने तिकडूनच टॅबवर स्वतः लिहिलेला नवा प्रोग्रॅम घातला, टॅबची नोंदणी केली, ती मंजूरही झाली. पण सकाळपासून एकही विनंती स्वीकारली जात नव्हती. आणि मुदत त्याच दिवशी, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेपाचला संपत होती.

"मूळ मुद्रण तुझ्याकडे आहे ना?" मी विचारलं.

"नाही ना, मावशी. सगळं त्यांच्याकडेच आहे. उतरवून घेऊ, उतरवून घेऊ, असं म्हणत राहिलो."

मी ऑटोने बडनेऱ्याला गेले आणि मिळाली ती गाडी धरली. मूर्तिजापूरला गाडी विनाकारण थांबून राहिली. समोरची बाई डबा उघडून मला आग्रह करत होती; मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तिच्या आवाजाचे लग्नातले दोन-चार व्हिडिओ आहेत, आणि त्या सगळ्यांत बँड वाजतो आहे.

दुपार कलली तेव्हा तिच्या घरात शिरले. हॉलमधल्या घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने वीस मिनिटं वजा केली. हे घड्याळ तुम्हीही पाहिलं आहे. आमच्या गावाहून अकोल्याला जायला सकाळी एकच एसटी असायची. ती चुकली तर दिवस गेला. म्हणून बाबांनी घरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं होतं. सगळ्यांना ते माहीत होतं, सगळे मनात वजा करायचे, तरी कुणाची एसटी चुकली नाही. मी लग्नानंतर ती सवय सोडली आणि घड्याळ रेडिओच्या वेळेवर लावू लागले. तिने सोडली नाही. अकोल्याच्या घरात भिंतीवर आणि स्वयंपाकघरात बाबांचीच वेळ चालते.

ती मागच्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऑपरेशनमध्ये श्वासासाठी गळ्यावर ठेवलेल्या छिद्रावर तिचा पांढरा सुती रुमाल होता. टॅब स्टुलावर होता आणि बाजूला दवाखान्यातली जुनी पांढरी पाटी, जी तिने कधीच माळ्यावर टाकली होती. पाटीवर लिहिलं होतं, "चहा नंतर. पयले हे." मी मामाला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन स्टुलावर ठेवला.

"मावशी, पोचली का? आईला एक वाक्य पाठवायला सांग."

तिने टाइप केलं. टॅबवर अक्षरं उमटली, 'पुन्हा प्रयत्न करा'. तिने पुन्हा प्रयत्न केला. तेच आलं. टॅब बंद करून चालू केला. तेच आलं. दर वेळी ती टॅब खाली ठेवून एक शेंग सोलायची आणि पुन्हा उचलायची.

मी मामाला म्हटलं, "ही नवी पद्धत आहे तरी काय, ते मला समजाव. न समजता मला काही करता येणार नाही."

"मावशी, आत्ता?"

"आत्ताच."

त्याने सांगितलं ते असं. आधीच्या पद्धतीत टॅबकडे एक गुप्त किल्ली होती, म्हणजे अक्षरांची लांब माळ, आणि प्रत्येक वाक्याबरोबर ती किल्लीच कंपनीला दाखवली जायची. वाटेत कुणी पाहिली तर चोरी. नव्या पद्धतीत किल्ली टॅबमध्येच तयार होते आणि तिथून कधीच बाहेर पडत नाही. टॅब त्या किल्लीने प्रत्येक विनंतीवर एक ठसा उमटवतो. ठसा खरा की खोटा, हे कंपनीला पडताळता येतं, पण तसा ठसा दुसऱ्या कुणाला उमटवता येत नाही. म्हणून तर मामा जर्मनीतून काही करू शकत नव्हता. जे करायचं ते याच टॅबवरून. ठशात वाक्य असतं, कुणाचा आवाज ते असतं, केव्हा पाठवलं ते असतं, म्हणजे जुनी विनंती चोरून कुणाला पुन्हा वापरता येऊ नये. जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी नेली की फाटकावर त्या दिवसाची चिठ्ठी मिळायची. कालची चिठ्ठी दाखवली तर गाडी आत सोडत नसत. मला ते तसं समजलं.

"विनंती त्यांच्यापर्यंत पोचते आहे," मामा म्हणाला. "मला इथून दिसतं. पोचते आणि नाकारली जाते; का ते दिसत नाही. किल्लीच बिघडली असणार. मावशी, खाली 'नवी किल्ली तयार करा' असं बटण आहे. ते दाब."

मी बोट नेलं आणि थांबले. "जुनीचं काय होईल?"

"पुसली जाईल."

"आणि नवीची नोंदणी?"

त्याने तिकडे नियम उघडून पाहिले. मग म्हणाला, "मंजुरीला एक दिवस लागतो."

"मग साडेपाचच्या आत कशी होईल?"

"त्यांना मेल करतो, हातापाया पडतो. दुसरं काय करू, मावशी? ही तर चालतच नाही ना! वेळ चाललाय, दाब तू."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. तिला या सगळ्याचा कंटाळा आला होता, की मुलाचा आवाज ऐकवेना, कोण जाणे. तिने माझ्या हाताखालून हात घातला आणि बोट सरळ त्या बटणाकडे नेलं.

"दाबू नोको म्हनलं ना वं!" मी तिचा हात झटकला. शेंगांचं ताट कलंडलं.

फोनमधून मामा म्हणाला, "मावशी, तू वऱ्हाडी बोलली."

बहिणीने पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाईची इंग्रजी उतरली."

ते वाचून मला हसू आलं आणि डोकं जरा शांत झालं. मी विचारलं, "हे 'पुन्हा प्रयत्न करा' कंपनी म्हणते का?"

"नाही, ते मी लिहिलंय. त्यांचं उत्तर इंग्रजीत येतं. आई उगाच घाबरेल म्हणून मी ते झाकलं."

"मला ते झाकलेलं दाखव."

त्याने सांगितलं तसं मी कोपऱ्यातल्या चिन्हावर बोट दाबून धरलं. बारीक अक्षरांचा मजकूर उघडला. मी चष्मा पुसून तो वाचला, मग पुन्हा मोठ्याने मराठीत सांगितला: विनंतीवरची वेळ मान्य मर्यादेच्या बाहेर आहे, म्हणून विनंती नाकारली. किल्लीबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

मला वाटलं होतं की हे ऐकून त्याला बरं वाटेल. पण त्याचा आवाजच बदलला.

"म्हणजे मुदत संपली. संपली, मावशी. इकडची वेळ हिवाळ्यात बदलते, मी हिशेब उलटा केला असणार. त्यांनी बंद केलं."

बहीण माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने सोलणं थांबवलं आणि गळ्यावरच्या रुमालावर हात ठेवला. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर तिने असाच गळ्यावर हात ठेवला होता. तेव्हा ती मला म्हणाली होती, "पाह्य बाई, म्या शेवटचं काय बोलली ते ध्यानात ठेव." आणि मी म्हटलं होतं, भलतंच काही बोलू नकोस. तेच तिचं तोंडाने बोललेलं शेवटचं वाक्य ठरलं.

"तिकडे नक्की किती वाजले?" मामा विचारत होता. "पुन्हा मोजून बघतो. नक्की सांग."

टॅब माझ्या हातातच होता. "चार दहा. म्हणजे वीस वजा कर, चारला दहा कमी."

"वजा कशाला? हॉलमधलं घड्याळ पाहून राहिली का तू?"

"नाही रे, टॅबवरचं."

फोनमधून त्याची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मावशी," तो हळू म्हणाला, "टॅबवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे?"

मी मनगट वर केलं. माझ्या घड्याळात चारला दहा कमी होते. त्या घरात पाऊल टाकलं की माझं मन आपोआप वजाबाकी करतं; भिंत आहे की टॅब, हे मी पाहिलंच नव्हतं.

"आई!" मामा ओरडला.

बहिणीने शांतपणे पाटी पुसली आणि लिहिलं. मी त्याला वाचून दाखवलं. "दोन घड्याळं दोन टाइम सांगत. मानसानं कोनाचं आयकावं? म्या एक केले."

"कधी?"

"पयल्याच दिवशी," मी पाटीवरचं वाचलं.

जुन्या पद्धतीत वेळ कुणी विचारत नव्हतं, म्हणून इतके दिवस काही बिघडलं नव्हतं. आता तिच्या प्रत्येक वाक्यावर टॅब प्रामाणिकपणे आपली वेळ घालून ठसा उमटवत होता, आणि कंपनीच्या संगणकाला दिसत होतं की ही विनंती अजून न उजाडलेल्या वेळेवरून आली आहे. ठसा खरा, किल्ली खरी, नोंदणी खरी. पण त्यांना थोडाफार फरक चालतो, बाबांची वीस मिनिटं चालत नव्हती.

मामाने सेटिंग सांगितलं. वेळ आपोआप घेण्याचं एक बटण असतं, तेवढं चालू करायचं. मी करणार होते, पण तिने टॅब माझ्या हातून घेतला. बटणावर बोट ठेवून ती थांबली आणि दुसऱ्या हाताने तिने लिहिलं, "बाबाचं घड्याळ चुकीचं हाय म्हनते का थो?" मी तेही त्याला वाचून दाखवलं.

"आई, चुकीचं नाही गं," मामा म्हणाला. "भिंतीवर ठेव तू. फक्त टॅबवर नको."

तिने बटण दाबलं. टॅबवरचे आकडे मागे गेले. मग ती टाइप करू लागली, एका बोटाने, नेहमीसारखी. पाठवलं. गोल चिन्ह फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. मी टॅबकडे बघू शकले नाही, ओसरीबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिले.

"बाई, चहा मांडू का, का अजून इंग्रजी वाचून राहिली?"

तिचाच आवाज. जरा घोगरा, मुद्रणाच्या शेवटच्या दिवशी होता तसा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"आई, अजून एकदा बोल," फोनमधून मामा म्हणाला.

तिने टाइप केलं. "कायले? तुले चहा नाई भेटत."

थोड्या वेळाने मामाकडे कंपनीचा मेल आला की हा आवाज तिच्या नावावर कायम केला आहे. साडेपाच वाजायला अजून अवकाश होता. आम्ही चहा प्यायलो. मग तुरीच्या दाण्यांचं पातेलं उचलताना मला दिसलं की दुपारपासून तिने अर्धे दाणे टरफलांत टाकले होते आणि टरफलं पातेल्यात. आम्ही दोघींनी बसून ते सगळं वेगळं केलं. रात्री त्याच दाण्यांचे सोले वांगे झाले. तिच्या हाताला त्या दिवशीही चव होती.

पुढच्याच दिवशी मामाने मूळ मुद्रण उतरवून घेतलं आणि मला त्याची एक प्रत पाठवली, मी ती पेनड्राइव्हवर ठेवली. ती मी ऐकली. वाक्यांच्या मध्ये मध्ये मामाचा खोकला आहे, बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाकलतं आहे, आणि एका ठिकाणी माझाच आवाज आहे, "अगं, नीट बस."

तर धाकट्या, अकोल्याची आजी रोबोट नाही. जे बोलते ते तिचंच असतं. फक्त तिचं वाक्य लांबून फिरून येतं आणि वाटेत त्याला आपली ओळख पटवावी लागते. यंत्राला तिच्यासारखं हसता येत नाही. बांधावरून हाक मारायची तेव्हाचा जोर त्यात नाही, तो कुणी मुद्रितच केला नव्हता. टॅब आता खरी वेळ दाखवतो. हॉलमधलं घड्याळ वीस मिनिटं पुढेच आहे. आणि आवाज आहे: एक तिकडे कंपनीकडे, एक मामाकडे, एक माझ्याकडे अमरावतीला, कपाटाच्या वरच्या खणात.